दिवाडीच्या फेरीबोटीपासून धोबी तलावापर्यंत

मांडवी नदीच्या पात्रात, जुन्या गोव्याच्या धक्क्यासमोर, दिवाडी नावाचे बेट आहे. धक्क्यावर उभे राहून पलीकडे पाहिले, की आधी भाताची सखल खाजने, त्यांच्यामागे माडांची रांग आणि त्याहीवर टेकडीच्या माथ्यावर पिएदादचे पांढरेशुभ्र चर्च दृष्टीस पडते. मधले पाणी इतके थोडे आहे, की फेरीबोट ते काही मिनिटांत ओलांडते. तथापि त्या पाण्यावर रस्त्याचा पूल आजवर झालेला नाही. डॉक्टर गाठावयाचा असो, कचेरीत जावयाचे असो, की लग्नाची वरात आणावयाची असो, बेटावरच्या माणसाला आधी बोटीची वेळ पाहावी लागते.

आमच्या बालपणीचे कित्येक मे महिने या बेटावर गेले, कारण आमच्या आईची धाकटी बहीण येथे दिलेली होती. २०२४ सालच्या मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात त्याच मावशीला मुंबईस पोहोचविण्यासाठी आम्ही पुन्हा तेथे गेलो. त्या एका दिवसाच्या प्रवासाची हकीकत वाचकांपुढे ठेवीत आहोत. प्रवास तसा साधाच. परंतु त्यात आमची एक चूक आमच्या पदरात पडली, आणि अशी चूक करणारे आम्ही एकटेच असू असे आम्हांस वाटत नाही.

मावशीचे वय अठ्ठ्याहत्तर. मावसा २०११ साली देवाघरी गेले, तेव्हापासून त्या मोठ्या कौलारू घरात ती एकटी. एकुलता मुलगा, म्हणजे आमचा मावसभाऊ, मुंबईस नोकरीला. त्या वर्षी जानेवारीत मावशी विहिरीवर घसरून पडली आणि तिचे मनगट मोडले. समोरच्या घरची बाई दुपारी सहज डोकावली म्हणून बरे. सकाळपासून ती तेथेच बसून होती. मुलाने लगेच मुंबईस येण्याचा आग्रह धरला. मावशी म्हणाली, "फादरांना विचारा. ते काय म्हणतात ते कळू द्या." आमचा धर्मग्राम बेळगावकडच्या बाजूस. उपवासकाळाची गडबड होती; प्रवचने, पापनिवेदने, आजाऱ्यांच्या भेटी यांतून सवड काढून आम्ही एका कार्डावर चार ओळी लिहिल्या: वय झाले, एकटे राहणे शहाणपणाचे नाही, मुलाकडे जावे, देव तेथेही आहे. कार्ड पेटीत टाकले, आणि एक कर्तव्य पार पडले अशा समाधानाने आम्ही संध्याकाळच्या प्रार्थनेस गेलो.

निघण्याच्या आदल्या रात्री आम्ही बेटावर पोहोचलो. मावसभाऊ, वहिनी आणि त्यांचा नऊ वर्षांचा मुलगा आधीच आले होते. पहाटे पाचला जाग आली ती पोदेराच्या भोंग्याने. सायकलवरच्या टोपलीतून गरम पोया घेऊन मावशी बलकांवावर बसली होती. तिने त्या दिवशीही रोजच्याइतक्याच पोया घेतल्या, नंतर हसून आणखी सहा मागितल्या. "गाडीत लागतील," ती म्हणाली.

घर बंद करणे म्हणजे काय, हे त्या सकाळी आम्हांस समजले. शहरात दाराला कुलूप लावले की घर बंद झाले. गोव्यातले जुने घर तसे बंद होत नाही. पाऊस येण्यापूर्वी कौले चाळावी लागतात, माकडांनी सरकवलेली जागच्या जागी बसवावी लागतात. खिडक्यांची शिंपल्यांची तावदाने उघडी ठेवली तर पाणी आत येते, मिटून ठेवली तर आतली दमट हवा लाकूड कुजविते. चार महिने माणूस फिरकले नाही तर वाळवी प्रथम तुळईला लागते आणि मग कपाटाला. बेटावर अशी घरे आम्हीच वाटेत मोजली: परसात रान वाढलेले, छपराचा कणा वाकलेला, आणि दारावर मात्र कुलूप शाबूत. मुले आखातात, पोर्तुगालात, इंग्लंडात; घर कोणाचे हे सर्वांना ठाऊक, पण घरात कोणी नाही.

मावशीने एकेका खोलीत जाऊन खिडक्या लावल्या. सालातल्या देव्हाऱ्यापुढे तिने मेणबत्ती लावली, आम्ही सर्वांनी गुडघे टेकून प्रार्थना म्हटली, आणि मग तिने ती मेणबत्ती स्वतः फुंकून विझविली. समोरच्या घरची हिंदू शेजारीण तोवर पायऱ्यांशी येऊन उभी राहिली होती. घराची दुसरी किल्ली मावशीने तिच्या हाती दिली. आठवड्यातून एकदा दारे-खिडक्या उघडावयाच्या, जूनपूर्वी कौले चाळणारा माणूस बोलवावयाचा आणि शनिवारी अंगणातल्या क्रुसापुढे दिवा लावावयाचा, असे त्या दोघींचे ठरले होते. शेजारणीने किल्ली पदराच्या गाठीत बांधली. मूळ किल्ली आपल्याजवळ ठेवावी म्हणून मावसभावाने हात पुढे केला. मावशीने ती आपल्या बटव्यात घातली आणि बटवा कमरेला खोचला. यावर कोणी काही बोलले नाही.

सातच्या सुमारास आम्ही धक्क्यावर आलो. सामान म्हणजे एक जुनी लोखंडी ट्रंक, दोन पिशव्या, आणि गोणपाटात शिवलेले उकडे तांदूळ. मुंबईत तांदूळ मिळतात, हे मावसभावाने तिला दोनदा सांगितले होते. फेरीबोटीत शाळेच्या सुट्टीमुळे गर्दी कमी होती. दुचाकीवरून कामाला जाणारे तरुण, मासळीची टोपली घेतलेल्या दोघी आणि आम्ही. पायी येणाऱ्या माणसाला या बोटीत भाडे पडत नाही. बोट सुटण्याची वेळ झाली. पण दूरवरून एक म्हातारा काठी टेकीत येताना दिसला, तेव्हा खलाशाने फळी वर ओढण्याचे थांबविले. कोणी घड्याळ पाहिले नाही. म्हातारा चढला, त्याने मावशीला ओळखले आणि विचारले, "कधी परत?" ती म्हणाली, "पाऊस संपल्यावर." आम्ही मावसभावाकडे पाहिले. त्याने दृष्टी पाण्याकडे वळविली. ही गोष्ट त्याच्या ऐकण्यात प्रथमच येत होती, हे उघड होते.

पलीकडच्या तीरावर, धक्क्यापासून चार पावलांवर व्हाइसरॉयची कमान आहे. वास्को द गामाच्या स्मरणार्थ त्याच्याच वंशातील एका व्हाइसरॉयने सोळाव्या शतकाच्या अखेरीस ती उभारली. कोसळल्यावर १९५४ साली ती पुन्हा बांधण्यात आली. एके काळी नवा अधिकारी या कमानीखालून नगरात प्रवेश करी. पूर्वेकडील मोठ्या नगरांत ज्याची गणना होत असे, ते हे नगर. मग रोगराईने ते खिळखिळे केले, लोक नदीच्या मुखाकडे सरकले, आणि १८४३ साली पणजी ही अधिकृत राजधानी झाली. आज तेथे भव्य चर्चे आहेत, १६०५ साली अभिषिक्त झालेली बॉम जेझूची बासिलिका आहे, देशोदेशीचे यात्रेकरू आहेत. नाहीत ती घरे. रस्त्याच्या दुतर्फा जेथे वाडे होते तेथे माड आणि गवत आहे. समोरचे बेट मात्र त्या काळीही वसलेले होते आणि आजही वसलेले आहे. महानगर उठून जाते आणि खेडे राहते, असेही कधी कधी घडते. त्या सकाळी मात्र खेड्यातले एक घर उठून महानगरात चालले होते.

बेटाने माणसे जाताना यापूर्वीही पाहिली आहेत. सप्तकोटेश्वराचे प्राचीन देवस्थान मुळात दिवाडीचे. पोर्तुगीज अमलात, सोळाव्या शतकात, ते मोडले गेले आणि भक्तांनी आपला देव नदीपार नार्वे येथे नेला. तेथील मंदिराचा जीर्णोद्धार शिवाजी महाराजांनी १६६८ साली करविला. ही कथा आमच्या धर्मबांधवांनी मान खाली घालून ऐकावी अशीच आहे. ती आम्ही प्रथम ऐकली ती मावशीच्याच तोंडून, त्याच शेजारणीच्या ओट्यावर. देव कमरेला बांधून नदी ओलांडणाऱ्या माणसांना परतीची वाट मिळाली नाही. समोरच्या घरची आणि आमची मावशी मात्र एकमेकींच्या किल्ल्या सांभाळीत होत्या.

करमळी स्थानक जुन्या गोव्यापासून जवळच, एका विस्तीर्ण तळ्याच्या काठी आहे. साडेनऊनंतर मडगावकडून मांडवी एक्सप्रेस आली. साध्या शयनयानात आमच्या पाच जागा होत्या. मावशी खिडकीशी बसली, नातू तिच्यासमोर. गाडी निघाली आणि काही मिनिटांतच एका लांब पुलावर चढली. खाली मांडवी. मावशीने आधी पाण्याकडे पाहिले, मग पलीकडे पाहिले, आणि ती एकदम ताठ झाली.

कोकण रेल्वेचा मार्ग दिवाडी बेटावरून जातो, हे आम्हांस ठाऊक होते. तिलाही ठाऊक होते. रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या या गाड्यांचा आवाज ती कित्येक वर्षे ऐकत आली होती. परंतु बेटावर स्थानक नाही. गाडी एका तीरावरून येते आणि न थांबता दुसऱ्या तीरास जाते. जे पाणी ओलांडण्यासाठी आम्ही पहाटे धक्क्यावर उभे होतो, तेच पाणी आता उलट दिशेने ओलांडून आम्ही पुन्हा बेटावर आलो होतो. मे महिन्यातली करडी खाजने, बांध, भरतीचे पाणी अडविणारी मानस, माड. आणि टेकडीवर चर्च. मावशीने क्रुसाची खूण केली. नातू ओरडला, "आजी, आपले घर कुठे?" तिने बोट दाखविले, पण बोट स्थिर होण्याच्या आतच झाडे आड आली आणि मग पुन्हा पाणी आले.

"इतकेच?" ती म्हणाली.

आम्हांस त्या एका शब्दाला उत्तर सुचले नाही. वहिनींनी पिशवीतून पोयांची पुरचुंडी काढली आणि प्रत्येकाच्या हातात एकेक ठेवली.

पेडणे, सावंतवाडी, कुडाळ, कणकवली. लाल माती, जांभा दगड, काजू, कलमांच्या बागा. या वाटेने आज माणसे सकाळी निघून रात्री मुंबई गाठतात, हे ज्यांनी पूर्वीचे दिवस पाहिले त्यांना नवलाचेच वाटते. कोकण रेल्वेची स्थापना १९९० साली झाली. श्री. ई. श्रीधरन यांच्या नेतृत्वाखाली रोह्यापासून मंगळूरजवळपर्यंत सुमारे ७४० किलोमीटरचा मार्ग डोंगर फोडून आणि नद्या बांधून काढला गेला. नव्वदाहून अधिक बोगदे आणि लहानमोठे मिळून जवळजवळ दोन हजार पूल. जानेवारी १९९८ मध्ये तो पूर्ण लांबीने खुला झाला. त्यापूर्वी गोव्याचा माणूस लोंढ्यावरून घाट चढून, पुण्याला वळसा घालून मुंबईस जाई, नाही तर घाटातल्या मोटारीत रात्र काढी, नाही तर आगबोटीने जाई.

आमचे मावसे आगबोटीचे. १९६३ साली, पंचवीस वर्षांचे असताना, पणजीच्या धक्क्यावरून ते प्रथम निघाले आणि मुंबईत जाऊन जहाजावर खलाशी झाले. आगबोट किनाऱ्याकिनाऱ्याने जाई. बंदराबंदरांत पडाव येत, माणसे, आंब्याच्या करंड्या आणि कोंबड्या चढवीत. दुसऱ्या दिवशी मुंबई. मावशीला ती सारी बंदरे पाठ होती. ती तिने कधी पाहिली नव्हती. मावशांच्या तोंडून ऐकली होती. गाडीत बसून ती नातवाला सांगू लागली: वेंगुर्ला, मालवण, देवगड, विजयदुर्ग. स्थानकांच्या पाट्यांवर मात्र दुसरीच नावे येत होती, कारण रेल्वे समुद्रापासून आत, डोंगराच्या अंगाने जाते. "समुद्र कुठे आहे?" असे तिने दोनतीनदा विचारले. तो डावीकडे, टेकड्यांच्या पलीकडे होता.

दुपारी जेवणे झाली. या गाडीतले खाद्यपदार्थ प्रवाशांत प्रसिद्ध आहेत, आणि नातवाने त्या ख्यातीची कसून परीक्षा घेतली. रत्नागिरीच्या अलीकडे पानवल नदीचा पूल येतो; उंची सुमारे ६४ मीटर. गाडी त्यावरून जाताना वहिनींनी डोळे मिटले, मुलगा आणि आजी मात्र खाली वाकून पाहात होती. रत्नागिरीनंतर करबुड्याचा बोगदा लागला. तो साडेसहा किलोमीटर लांब आहे. डब्यात दिवे होते, पण खिडकीबाहेर काळोख, आणि आवाज असा की बोलणे अशक्य. बोगदा संपून उजेड आला तेव्हा मावसभाऊ आणि वहिनी पेंगत होती. मावशी आमच्याकडे पाहात होती.

"बाबा," ती म्हणाली. धर्मगुरू झाल्यापासून चारचौघांत ती आम्हांस फादर म्हणते. एकटे असलो की जुनेच नाव. "ते कार्ड लिहिलेस तेव्हा तुझ्या मनात काय होते?"

"तू विहिरीवर पडलीस ते," आम्ही म्हणालो.

"आणि घर? कौले कोण चाळणार, क्रुसाला दिवा कोण लावणार, मी तिथे दिवसभर काय करणार?"

आम्ही खरे तेच सांगितले. त्यातले काहीही मनात आले नव्हते.

"विचारले असतेस तर सांगितले असते," ती म्हणाली, आणि पुन्हा बाहेर पाहू लागली. तिच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर आमचे काम सोपे झाले असते.

चिपळूण गेले, खेड गेले. आम्ही हातात प्रार्थनेचे पुस्तक धरून होतो, पण पान उलटत नव्हते. वर्षानुवर्षे माणसे आमच्याकडे सल्ला मागण्यास येतात आणि आम्ही देतो. बहुतेक वेळा तो बरोबरही असतो. एकट्या वृद्धेने मोडक्या मनगटाने बेटावर राहू नये, हे आजही आम्ही नाकारणार नाही. परंतु बरोबर उत्तर देणे आणि माणसाला ओळखून उत्तर देणे, यांत अंतर आहे. आमचे प्रभू येरीहोच्या वाटेवर आंधळ्यासमोर थांबले, तेव्हा त्याला काय हवे ते अगदी उघड होते. तरीही त्यांनी आधी विचारले, मी तुझ्यासाठी काय करावे? या प्रसंगावर आम्ही किती वेळा प्रवचन केले असेल, ते देवच जाणे. आम्ही मात्र आमच्याच मावशीला हा प्रश्न विचारण्यासाठी कार्डावर जागा ठेवली नव्हती.

रोह्याच्या पुढे दिवस कलला. पनवेलला दिवे लागले होते. तेथून गाडी शहराच्या अंगणात शिरते: उंच इमारती, पुन्हा इमारती, मधूनच खाडीचा काळा पट्टा. एका स्थानकावर 'दिवा' अशी पाटी दिसताच नातू टाळ्या पिटीत म्हणाला, "आजी, दिवाडीहून निघालो आणि दिव्याला आलो!" मावशी दिवसभरात प्रथमच मोकळेपणाने हसली. पुढे पारसिकचा बोगदा, मग ठाणे. १८५३ साली मुंबईहून निघालेली पहिली आगगाडी याच ठाण्यापर्यंत आली होती.

ठाण्याची खाडी मागे टाकल्यावर मुलाला आम्ही सांगितले, की मुंबई हेही मुळात बेटच, किंबहुना सात बेटे: कुलाबा, धाकटा कुलाबा, मुंबई, माझगाव, परळ, वरळी आणि माहीम. १६६१ सालच्या विवाहकरारान्वये पोर्तुगालच्या राजाने मुंबई इंग्लंडच्या राजास दिली. पुढे बांध घातले, उथळ खाड्या भरून काढल्या, आणि १८४५ साली माहीमचा रस्ता पूर्ण होऊन मुंबई साष्टीला जोडली गेली. मावशी हे लक्ष देऊन ऐकत होती. "म्हणजे इथेही पूर्वी बोटीची वाट पाहात असतील," ती म्हणाली. आम्ही होय म्हणालो. "आता कोणी कोणाची पाहात नसेल," ती म्हणाली. दादरला उतरणाऱ्यांची जी झुंबड उडाली, तीत तिच्या म्हणण्याला दुजोरा मिळाला. मात्र त्याच झुंबडीतील एका तरुणाने न सांगता आमची ट्रंक बाकाखालून ओढून बाजूला ठेवली, हेही नमूद केले पाहिजे.

रात्री दहाच्या सुमारास आम्ही छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवर उतरलो. १८८७ साली या वास्तूस व्हिक्टोरियाचे नाव मिळाले होते. २००४ साली तिची गणना जागतिक वारशात झाली. मावशीने मान वर करून ते उंच छत पाहिले आणि विचारले, "हे चर्च आहे का?" तिच्या जागी कोणीही तेच विचारले असते.

मावसभावाचे बिऱ्हाड धोबी तलावाजवळच्या एका जुन्या इमारतीत. अंतर थोडे, म्हणून दोन टॅक्सीवाल्यांनी नकार दिला. तिसरा एक वृद्ध होता, त्याने मावशीकडे पाहिले आणि दार उघडले. धोबी तलावाच्या नावात तलाव आहे; पाणी केव्हाच बुजले. चौकात येताच मावशी म्हणाली, "जेर महाल कुठला?"

टॅक्सी थांबवावी लागली. जेर महाल ही त्या चौकातील जुनी इमारत. वाचकांपैकी गोव्याकडच्या पुष्कळांच्या घरी हे नाव ठाऊक असेल. गोव्यातून मुंबईस येणाऱ्या नोकरदारांसाठी आणि खलाशांसाठी गावोगावच्या लोकांनी मिळून खोल्या घेतल्या होत्या. त्यांना कूड म्हणत. धोबी तलाव, कावेल, माझगाव या भागांत अशा शेकडो कुडी होत्या, आणि जेर महालात काही अद्यापि आहेत. प्रत्येक कुडीत गावच्या संताचा देव्हारा, भिंतीशी ओळीने लावलेल्या ट्रंका, आणि संध्याकाळी सर्वांनी मिळून जपमाळ म्हणण्याचा नियम. भाडे नाममात्र. जहाज मिळेपर्यंत माणूस तेथे राही, जहाजावरून उतरला की पुन्हा तेथेच येई. गावात जन्मलेल्या गरिबाला महानगरात डोके टेकण्यास हक्काची जागा मिळाली, ती अशी. मात्र कूड ही पुरुषांची. तेथे बायकांना राहण्याची सोय नव्हती.

मावशी टॅक्सीतून उतरली. आमचा हात धरून ती पदपथावर उभी राहिली आणि वरच्या मजल्यांकडे पाहू लागली. कुठे दिवा होता, कुठे वाळत घातलेले कपडे.

"तुझ्या मावशाची ट्रंक इथे होती," ती म्हणाली. "आज आणली ती हीच. लग्नानंतर किती वर्षे पत्रावर हाच पत्ता लिहिला! मला कधी आणता आले नाही त्यांना. एकदा बघायचे होते."

आम्ही म्हणालो, "मावशी, मग हे आधी का बोलली नाहीस? आम्ही समजत होतो, की आमच्या कार्डामुळे तू घर सोडलेस."

तिने आमच्याकडे असे पाहिले, जसे आम्ही सात वर्षांचे असताना पाहात असे. "तुझे कार्ड आले तेव्हा ट्रंक भरायला घेतली होती. मनगट मोडले तेव्हाच ठरविले, की हातपाय चालतात तोवर जाऊन यावे. तू राहा म्हणून लिहिले असतेस तरी मी आले असते."

"मग आम्हांस विचारलेस कशाला?"

"विचारले नसते तर लोक म्हणाले असते, म्हातारी लेकाच्या गळ्यात पडली. आता म्हणतात, फादरांनी पाठविले."

मावसभाऊ हे सारे ऐकत होता. त्याने खिशातून रुमाल काढून तोंड पुसले आणि म्हणाला, "आई, पावसाळ्यानंतर परतीची तिकिटे काढतो. मी सोडायला येईन." "आणि न्यायलाही ये," ती म्हणाली. एवढ्यावर तो प्रश्न मिटला. टॅक्सीवाल्याने घाई केली नाही; थांबल्याचे वेगळे पैसेही त्याने घेतले नाहीत. मावशीने त्याला "देव बरें करूं" म्हटले. शब्द त्याला कळले नसतील. त्याने कपाळाला हात लावला.

तिसऱ्या मजल्यापर्यंत लाकडी जिना. दर मजल्यावर ती थांबे आणि आम्हीही थांबत असू. त्या उशिराच्या घटकेस कोणालाही घाई नव्हती. वहिनींनी आपल्या खोलीतली खिडकीजवळची खाट तिच्यासाठी आधीच रिकामी केली होती. तांदळाचे गोणपाट खाटेखाली गेले, ट्रंक भिंतीशी लागली. सर्वांनी मिळून जपमाळ म्हटली. नातू तिसऱ्या रहस्यापर्यंत जागा होता.

वाचकहो, आमची हकीकत येथे संपली. त्याच वर्षी पाऊस ओसरल्यावर मावशी बेटावर गेली आणि दीड महिना राहून आली. कौले चाळलेली होती, शेजारणीने एकही शनिवार चुकविला नव्हता, आणि एका कपाटाला मात्र वाळवी लागलीच होती. अशी ये-जा किती वर्षे होईल, हे देवाच्या हाती. घराचे पुढे काय, हा प्रश्नही उभाच आहे. तो आम्ही सोडविला असे म्हणणार नाही.

परंतु ज्यांचे आईवडील दूर गावी एकटे आहेत, आणि ज्यांना शहरात आणण्याचा विचार आपण भावंडांत बसून, दूरध्वनीवर बोलून, परस्पर ठरवीत आहात, त्यांना आमची एक विनंती आहे. निर्णय घेण्यापूर्वी एकदा तेथे जा, त्यांच्या बलकांवावर किंवा ओट्यावर बसा, आणि त्यांना काय हवे ते विचारा. त्यांच्या मनात काय आहे, ते आपणांस ठाऊक आहे अशी खात्री असेल, तर अवश्यच विचारा. त्यांना राहावयाचे असेल, किंवा निघण्याचे कारण अगदी निराळेच असेल. त्यांनी यावयाचे ठरविले, तर घराची किल्ली त्यांच्याच बटव्यात राहू द्या. आणि आम्हां धर्मगुरूंकडे कोणी असा प्रश्न घेऊन आला, तर आम्ही यापुढे कार्ड लिहिणार नाही. बोटीची वेळ पाहून जातीने भेटीस जाऊ.